वायरमनला वाचता येईल असा कॉम्प्युटर

ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, लिव्होनिया इथे जनरल मोटर्सचा एक अवाढव्य कारखाना जळून खाक झाला. पाइपचं काम चालू असताना कटिंग टॉर्चची ठिणगी कन्व्हेयरखालच्या ट्रेमध्ये पडली, तिथल्या तेलाने पेट घेतला, आणि छपरावरचं डांबर वितळून खाली ठिबकायला लागल्यावर आग कुणालाच आवरेना. या कारखान्यात 'हायड्रामॅटिक' बनायचा, म्हणजे क्लच न दाबता आपोआप बदलणारा गिअरबॉक्स. जीएमच्या गाड्यांनाच नव्हे, तर इतर काही कंपन्यांच्या गाड्यांनाही तो लागायचा. त्यामुळे उत्पादन थांबवून चालणार नव्हतं. जवळच इप्सिलँटीला विलो रन नावाचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-२४ बॉम्बर विमानं बनवली होती. जीएमने तो ताब्यात घेतला, यंत्रं आणून बसवली आणि काही आठवड्यांतच गिअरबॉक्स पुन्हा बाहेर पडायला लागले.

पीएलसीचा, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या 'प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर'चा, इतिहास सांगताना या आगीपासून कुणी सुरुवात करत नाही, आणि तसा तिचा थेट संबंधही नाही. पण पंधरा वर्षांनी जगातल्या सगळ्या कारखान्यांचं नियंत्रण बदलून टाकणारा मागणीचा कागद निघाला तो याच हायड्रामॅटिक विभागातून. तो कुठल्या प्रयोगशाळेत लिहिला गेला नाही. ज्यांच्या डोक्यावर रोजच्या उत्पादनाचा आकडा टांगलेला असतो अशा माणसांनी तो लिहिला. मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

त्या कागदाआधी तिथे काय होतं? रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच. ज्यांची हयात पॅनेलसमोर गेली आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

एक मोटर चालू-बंद करायची आहे असं समजा. हिरवं बटण दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. बटणावरून बोट काढलं की ते उसळून परत येतं, मोटर मात्र चालूच राहायला हवी. मग काय करतात? हिरव्या बटणातून करंट रिलेच्या कॉइलला जातो, कॉइलचं चुंबक होतं, ते लोखंडी पट्टी खेचतं आणि पट्टीवरचे कॉन्टॅक्ट जुळतात. त्यातला एक कॉन्टॅक्ट मोटरच्या कॉन्टॅक्टरला, म्हणजे तिच्या मोठ्या स्विचला, वीज देतो. दुसरा हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. आता बोट काढलं तरी रिलेला त्याच्या स्वतःच्याच कॉन्टॅक्टमधून वीज मिळत राहते. याला आमच्याकडे 'होल्डिंग' म्हणतात. लाल बटण या वाटेत आधीच बसलेलं असतं. ते दाबलं की वाट तुटते, रिले सुटतो, मोटर थांबते. कागदावर हे काढताना डावीकडे एक उभी रेघ, उजवीकडे एक उभी रेघ आणि मधे आडवी ओळ काढतात. दोन उभ्या रेघा म्हणजे वीज, आडवी ओळ म्हणजे एक अट. अशा शंभर ओळी एकाखाली एक आल्या की ती शिडीसारखी दिसते, म्हणून ते 'लॅडर'.

आता एका मोटरऐवजी ट्रान्स्फर लाइन डोळ्यांसमोर आणा. गिअरबॉक्सचं कास्टिंग एका टोकाला आत जातं, एकेका ठाण्यावर थांबतं, क्लँप होतं, भोक पडतं, आटे पडतात, क्लँप सुटतो, पुढच्या ठाण्यावर सरकतं. ड्रिल मागे आल्याशिवाय जॉब, म्हणजे ते कास्टिंग, सरकता कामा नये, जॉब बसल्याशिवाय ड्रिल पुढे येता कामा नये, दार उघडं असेल तर काहीच हलता कामा नये. यातल्या प्रत्येक 'नये'साठी एक रिले, कधी चार. माणसाएवढ्या उंचीची कपाटं, आत रांगेने रिले, आणि त्यांच्यामधून हजारो वायरी. यंत्राची सगळी अक्कल त्या वायरींच्या जोडणीत.

रिले झिजतो. तीन पाळ्यांत, दर पाच सेकंदांनी एकदा उचलणारा रिले दिवसाला १७ हजारांहून जास्त वेळा टकटकतो, म्हणजे वर्षाला साठ लाखांच्या वर. कॉन्टॅक्टवर खड्डे पडतात, काजळी धरते, तेलाची वाफ बसते. चारशे रिलेंपैकी एकाचा एक कॉन्टॅक्ट कधी जुळतो, कधी जुळत नाही, आणि अख्खी लाइन उभी. तो एक कॉन्टॅक्ट शोधायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी पाळी जाते. त्यात रात्रपाळीत कुणीतरी घाईने जंपर, म्हणजे वळसा घालणारी वायर, मारलेला असतो आणि ड्रॉइंगवर नोंद केलेली नसते. पुढच्या माणसाच्या हातात ड्रॉइंग एक आणि पॅनेलमध्ये वायरिंग दुसरंच. हे मी ऐकीव सांगत नाही. भोसरीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला लागलो तेव्हा अशी पॅनेलं अजून चालू होती आणि त्यांच्या ड्रॉइंगवर पेन्सिलीचे तीन वेगवेगळे हस्ताक्षर होते. एकही तारीख नव्हती.

अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांचं दुखणं याहून मोठं होतं. तिथे दरवर्षी नवं मॉडेल. गिअरबॉक्समध्ये बदल झाला की लाइनवरचा क्रम बदलायचा, म्हणजे पॅनेल बदलायचं. पुन्हा वायरिंग करण्यापेक्षा जुनं कपाट उपटून भंगारात घालणं आणि नवं बसवणं कित्येकदा स्वस्त पडायचं. चांगले चालणारे रिले भंगारात.

मग कॉम्प्युटर का नाही वापरला? १९६५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने, म्हणजे डेकने, पीडीपी-८ बाजारात आणला होता. त्याची किंमत १८ हजार डॉलर होती, आणि त्या काळच्या हिशोबाने ती स्वस्त होती. पण त्याला धूळ चालायची नाही, गरमी चालायची नाही, शेजारी वेल्डिंग सेट चालू झाला की तो गोंधळायचा. मुख्य म्हणजे तो बिघडला तर प्रोग्रामर बोलवावा लागायचा. रात्री अडीच वाजता विलो रनमध्ये प्रोग्रामर कुठून आणणार? तिथे हजर असायचा तो इलेक्ट्रिशियन. त्याला लॅडर वाचता यायचं.

१९६८ मध्ये हायड्रामॅटिकच्या इंजिनिअरांनी आपली मागणी कागदावर उतरवली. त्यामागचं टिपण एडवर्ड क्लार्क यांचं होतं, आणि त्याच वर्षी याच विभागातल्या बिल स्टोन यांनी वेस्टिंगहाउसच्या परिषदेत हे सगळं दुखणं जाहीरपणे मांडलं. यंत्रं भरवशाची नाहीत, त्यांची कागदपत्रं धड नाहीत, आणि आम्हाला हवा आहे एक 'प्रमाणित यंत्र-नियंत्रक'. त्याच्या अटी वाचताना मला नेहमी गंमत वाटते, कारण त्यात कुठेही मोठी स्वप्नं नाहीत. मॉडेल बदललं की रिले भंगारात जाता कामा नयेत. धूळ, ओल, हादरे आणि विजेचा गोंगाट यांत तो चालला पाहिजे. बिघडला तर कार्ड उपसून दुसरं कार्ड खोचता आलं पाहिजे. आकाराने रिले पॅनेलपेक्षा लहान हवा आणि किमतीतही त्याच्याशी टक्कर देणारा हवा. यंत्रावरच्या बटणांची आणि लिमिट स्विचची ११५ व्होल्ट एसी वायर थेट त्याला लावता आली पाहिजे, आणि त्याचं आउटपुट दोन अँपिअरपर्यंतचा सोलेनॉइड, म्हणजे व्हॉल्व्ह वगैरे हलवणारं विजेचं चुंबक, थेट ओढू शकलं पाहिजे. शिवाय त्याचा प्रोग्राम कारखान्यातच लिहिता आणि बदलता आला पाहिजे, सगळ्यांना आधीपासून मान्य असलेल्या रिले लॅडरच्या पद्धतीशी जुळवून.

ही शेवटची अट नुसती सोयीची बाब वाटते. माझ्या मते सगळा पीएलसी तिच्यात आहे. ११५ व्होल्टवाली अटही तशीच. कॉम्प्युटरवाल्यांची सगळी दुनिया पाच व्होल्टवर चालत होती. कारखाना पाच व्होल्टवर येणार नाही, तुम्ही ११५ वर या, असं बजावून सांगणारं ते वाक्य आहे.

इथे डिक मोर्ली येतात. रिचर्ड मोर्ली, जन्म १९३२, मॅसॅच्युसेट्सचे. शिकले एमआयटीत, पण पदवी न घेताच बाहेर पडले. बेडफर्ड असोसिएट्स नावाच्या छोट्या सल्लागार कंपनीत ते मशीन टूल बनवणाऱ्यांना मिनीकॉम्प्युटर जोडून द्यायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम थोडंफार सारखंच, तरी दर वेळी पाटी कोरी करून सुरुवात. त्याला ते विटले होते. मोर्ली स्वतः ही हकिकत रंगवून सांगत: १ जानेवारी १९६८, आदल्या रात्रीची उतरलेली नाही, आणि एका नव्या नियंत्रकाचं टिपण एका बैठकीत लिहून काढलं. जगातल्या बऱ्याच शोधांना अशी एक तारीख आणि एक डोकेदुखी चिकटवलेली असते, म्हणून मी ही गोष्ट जराशी सांभाळूनच ऐकतो. पण त्या टिपणातल्या कल्पना खऱ्या आहेत आणि नीट पाहण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे, इंटरप्ट नकोत. साधा कॉम्प्युटर एक काम करत असताना दुसरं तातडीचं काम आलं की पहिलं सोडून तिकडे वळतो. मोर्लींना हे नको होतं. त्यांचं यंत्र एकच गोष्ट करणार: सगळी इनपुट वाचायची, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हिशोब करायचा, सगळी आउटपुट बदलायची, आणि परत पहिल्यापासून. पुन्हा पुन्हा, दिवसरात्र. याला आज स्कॅन म्हणतात. कॉम्प्युटर शास्त्राच्या नजरेने हे अगदी बाळबोध आहे. पण याचा फायदा असा की यंत्र कुठल्या क्षणी काय करत असेल ते कुणालाही सांगता येतं, आणि ज्याला ते सांगता येतं त्याला बिघाड शोधता येतो. दुसरी कल्पना म्हणजे मेमरीतली एक जागा आणि बाहेरचा एक स्विच यांची थेट जोडी. तिसरी, यंत्र दणकट हवं. आणि चौथी, ते हळू चाललं तरी चालेल. ही चौथी आपली चूक होती असं मोर्लींनीच पुढे कबूल केलं. सुरुवातीला त्यांनी अवघ्या १२५ शब्दांच्या मेमरीचा विचार केला होता. प्रत्यक्षात लॅडर मेमरी खात सुटलं आणि वेगही पुरेना. मग लॅडरच्या ओळी सोडवण्यापुरतं एक वेगळं कार्डच बनवावं लागलं, 'लॉजिक सॉल्व्हर'.

लॅडर मात्र त्या पहिल्या टिपणात पक्कं नव्हतं. ते काही महिन्यांनी आलं. म्हणजे मोर्लींच्या डोक्यात यंत्र होतं, आणि ते कुणाला वाचता यायला हवं हा आग्रह गिऱ्हाइकाचा होता. दोन्ही एकत्र आलं तेव्हा पीएलसी झाला. 'पीएलसीचे जनक' म्हणून मोर्लींचं नाव घेतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त बारशाच्या पत्रिकेवर हायड्रामॅटिकच्या इंजिनिअरांचीही नावं छापायला हवी होती.

बेडफर्ड असोसिएट्सचा तो ८४ वा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव ०८४. ते विकायला काढलेल्या नव्या कंपनीचं नाव मॉडिकॉन, 'मॉड्युलर डिजिटल कंट्रोलर' याचं आखूड रूप. पहिलं ०८४ दिसायला अगदीच ओबडधोबड होतं. जाड धातूची पेटी, उष्णता बाहेर टाकायला बाजूला पंखे नाहीत, नुसत्या फिन. चालू-बंद करायचं बटणसुद्धा नाही. का असावं? कारखान्यातल्या माणसाने कॉम्प्युटर बंद करावा अशी वेळच यायला नको होती. आत मॅग्नेटिक कोअर मेमरी, तारांच्या जाळीत ओवलेले चुंबकाचे बारीक मणी. वीज गेली तरी त्यांतला प्रोग्राम पुसला जात नाही. मोर्ली आणि मंडळी हे धूड गाडीत घालून व्हर्मांटमधल्या स्प्रिंगफील्डला ब्रायंट या ग्राइंडर बनवणाऱ्या कंपनीला दाखवायला घेऊन गेले. लँडिस या दुसऱ्या मशीन टूल कंपनीत तर त्याची परीक्षाच झाली. पेटीभोवती वायर गुंडाळून मुद्दाम विजेचा गोंगाट सोडला, बघू या पडतं का म्हणून. पडलं नाही.

आणखी एक शहाणपण त्यांनी दाखवलं. त्याला कॉम्प्युटर म्हणायचं नाही. 'प्रोग्रामेबल कंट्रोलर' म्हणायचं. कारखान्यात कॉम्प्युटर हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे वातानुकूलित खोली आणि पांढरे कोट यायचे.

जीएमकडे मॉडिकॉन एकटं नव्हतं. डेकनेही १९६९ मध्ये पीडीपी-१४ आणला, आणि त्याची कथा मला ०८४ पेक्षाही बोलकी वाटते. पीडीपी-१४ चा प्रोग्राम समीकरणांच्या रूपात लिहायचा, तोही वेगळ्या पीडीपी-८ वर. चाचण्या करायच्या, आणि सगळं बरोबर आहे असं वाटलं की डेककडे पाठवायचा. तिथे तो प्रोग्राम वायरींच्या रूपाने मेमरीत अक्षरशः विणला जायचा. वायर एका कोअरमधून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. यामुळे मेमरी पक्की व्हायची, गोंगाटाने बिघडायची नाही. पण क्लँपला अर्धा सेकंद जास्त द्यायचा असं फोरमनने म्हटलं की पुन्हा विणकाम! कॉम्प्युटर बनवण्यात डेकचा हात धरणारं कुणी नव्हतं, तरी या बाजारात ते टिकले नाहीत. त्यांनी यंत्र चांगलंच बनवलं होतं. ज्याच्यासाठी बनवलं त्या माणसाचा दिवस कसा जातो ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

तिसरा स्पर्धक होता मिशिगनमधल्याच ॲन आर्बर इथल्या इन्फर्मेशन इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचा पीडीक्यू-२. ही कंपनी ॲलन-ब्रॅडलीच्या मालकीची झाली होती. यंत्र मोठं, किचकट, प्रोग्राम करायला अवघड. पण ॲलन-ब्रॅडलीकडे ओडो स्ट्रूगर होते, ऑस्ट्रियातून आलेले इंजिनिअर. पीडीक्यूचं काय चुकलं ते त्यांनी बघितलं आणि एर्न्स्ट डुमरमुट यांच्याबरोबर पुन्हा नव्याने बांधणी केली. त्यातून सत्तरच्या दशकात ॲलन-ब्रॅडलीचे कंट्रोलर आले आणि 'पीएलसी' ही तीन अक्षरंही त्यांनीच रूढ केली. काही लोक जनक म्हणून स्ट्रूगर यांचंही नाव घेतात. युरोपात सीमेन्सने १९५८ मध्येच सिमॅटिक हे नाव नोंदवलं होतं, पण ती सुरुवातीची सिमॅटिक ट्रान्झिस्टरची, पक्क्या वायरिंगची होती. प्रोग्राम करता येणारी एस-३ आली १९७३ मध्ये. त्याच वर्षी मॉडिकॉनचं १८४ आलं, मायकेल ग्रीनबर्ग यांनी घडवलेलं, आणि धंद्याच्या दृष्टीने खरी घोडदौड तिथून सुरू झाली. पुढे मॉडिकॉन कुणाकुणाच्या हातून फिरत श्नायडर इलेक्ट्रिककडे गेलं. जीएममधलं एक सुरुवातीचं ०८४ जवळपास वीस वर्षं चालून निवृत्त झालं आणि जीएमने ते मॉडिकॉनला परत भेट दिलं.

तर लॅडरबद्दल.

आमच्या त्या भोसरीच्या कारखान्यात एक जुने वायरमन होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. आयटीआय झालेले, इंग्रजी बेताचं. पॅनेलचं दार उघडून ते आधी काही बघायचेच नाहीत, उभे राहून ऐकायचे. रिले स्वच्छ उचलला की एकच टक् असा आवाज येतो. व्होल्टेज कमी असेल किंवा कॉइल मरायला टेकली असेल तर तो घरघरतो. मामा आवाजावरून कपाटाचा कोपरा सांगायचे आणि मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने एकेक रिले हळूच दाबून बघायचे, पुढचं काय हलतं ते. त्यांच्यासमोर पहिल्यांदा पीएलसीचं पॅनेल आलं तेव्हा ते नाराज होते. ऐकायला काहीच नाही. नुसते लाल-हिरवे दिवे.

एकदा एक प्रेस मधेच थांबत होता. मी लॅपटॉप लावला, प्रोग्राम ऑनलाइन घेतला. स्क्रीनवर लॅडर आलं. ज्या कॉन्टॅक्टमधून 'करंट जातो' तो हिरवा, जिथे अडलाय तिथून पुढे काळं. मामा मागून डोकावले.

"साहेब, हे तर आपलंच ड्रॉइंग की!"

"हो मामा, तेच."

"मग हा बघा, इथं अडलाय. दाराचा स्विच. दार लागलेलं दिसतंय, पण स्विचचा दांडा वाकला असणार."

दांडा वाकला होता. मला ती ओळ सापडायच्या आत त्यांनी ती वाचली होती. स्क्रीनच्या आत एकही कॉइल नाही, एकही कॉन्टॅक्ट नाही, कुठे करंट वाहत नाही. एक प्रोसेसर शून्य-एकचे हिशोब करत बसलाय. पण तो हिशोब मामांपुढे मामांच्याच ओळखीच्या रूपात मांडला होता. मिशिगनमधल्या इलेक्ट्रिशियनसाठी घातलेल्या अटीचा उपयोग भोसरीतल्या मामांना झाला, कारण दोघांचीही ड्रॉइंगं एकाच पद्धतीची होती. ११० व्होल्टच्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरसकट.

सॉफ्टवेअरची मंडळी लॅडरला हसतात, ते मला ठाऊक आहे. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने पीएलसीच्या भाषांचं प्रमाण ठरवलं, त्यात लॅडरबरोबर इतर भाषाही आल्या, काही पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या वळणाच्या. गणिती काम, रेसिपी, डेटा यांसाठी त्या सोयीच्या आहेत, आणि लॅडरमध्ये शंभर ओळींचा गुंता करून ठेवणारे महाभाग मीही पाहिले आहेत. तरीही इंटरलॉकचं, म्हणजे 'हे झाल्याशिवाय ते नाही' अशा अटींचं, काम लॅडरमध्येच लिहावं असं माझं ठाम मत आहे. रात्रपाळीच्या माणसाला जे वाचता येत नाही, ते कितीही सुबक असलं तरी कारखान्याच्या कामाचं नाही.

अर्थात, स्क्रीनवरचं लॅडर खरं आहे या विश्वासावर हे सगळं उभं आहे. २०१० मध्ये स्टक्सनेट सापडला तेव्हा त्या विश्वासाला पहिला मोठा तडा गेला. इराणमधल्या नतान्झच्या, युरेनियम शुद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजवर नेम धरून लिहिलेला तो व्हायरस सीमेन्सच्या एस-७ पीएलसीत शिरायचा आणि मोटरांचा वेग चोरून वर-खाली करायचा. त्याची खरी हुशारी वेगळीच होती. इंजिनिअर ज्या सॉफ्टवेअरमधून पीएलसीत डोकावतो त्याच सॉफ्टवेअरची एक फाइल तो बदलून टाकायचा, म्हणजे आत घुसवलेला प्रोग्राम इंजिनिअरला दिसायचाच नाही. ऑपरेटरपुढे आधी रेकॉर्ड केलेले ठाकठीक आकडे. रिलेच्या पॅनेलमध्ये हे शक्य नव्हतं. तिथे वायर होती तर दिसायची. ज्याला कॉम्प्युटर म्हणायचं चाळीस वर्षं टाळलं, तो अखेर कॉम्प्युटरच निघाला, कॉम्प्युटरच्या सगळ्या रोगांसकट.

पण व्हायरस रोज येत नाहीत. माझ्यासारख्यांना रोज भेटतो तो पासवर्ड. हल्ली मशीन बनवणारे पीएलसीचा प्रोग्राम कुलूपबंद करून देतात. आमचं तंत्र चोरीला जाईल, म्हणतात. मध्यंतरी एका मशीनचा साधा प्रॉक्झिमिटी स्विच, म्हणजे वस्तू जवळ आली की ओळखणारा स्विच, गेला. नवा बसवला तरी मशीन चालेना, कारण आत कुठला तरी फॉल्ट लॅच झालेला, म्हणजे अडकून बसलेला, आणि तो कशाने सुटतो ते बघायला लॅडर उघडत नव्हतं. मशीनवाल्याला फोन केला तर उत्तर आलं, "आमचा माणूस गुरुवारी येईल." तो आला, लॅपटॉप आमच्याकडे पाठ करून उघडला, दोन मिनिटांत काहीतरी दाबलं आणि व्हिजिटचं बिल देऊन गेला. १९६८ च्या कागदावर 'कारखान्यातच बदलता आलं पाहिजे' असं लिहिणाऱ्या माणसांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते? पीडीपी-१४ तरी बरा, निदान तिथे विणकाम दिसत होतं.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक खरेदी-ऑर्डरमध्ये मी एक कलम घालायला लावतो: प्रोग्राम पासवर्डशिवाय, प्रत्येक ओळीवर शेऱ्यासह, मशीनबरोबर द्यायचा, तो मिळाल्याशिवाय शेवटचे दहा टक्के पैसे सुटणार नाहीत. खरेदी खात्याला हे भांडण आवडत नाही, आणि पुरवठादार किंमत थोडी वाढवून बघतात. काही जण शेरे जर्मनमध्ये किंवा चिनीमध्ये तसेच ठेवून देतात. त्यावर नवीन मुलांपैकी एकाने तोडगा काढला आहे: मशीन चालू करून ताब्यात घेताना पुरवठादाराच्या माणसाला शेजारी बसवायचं, ओळ वाचायला लावायची आणि शेरा आपण मराठीत टाइप करायचा. सॉफ्टवेअर देवनागरी घेतं की नाही ते त्या त्या कंपनीवर आहे. नाही घेतलं तर रोमन लिपीत 'daar band' असं टाइप करतो.